आरएक्स 100चे जाम स्क्रू: डोकं न मोडता कसे काढावेत

यामाहा आरएक्स 100चं उत्पादन 1996मध्ये थांबलं. अशी गाडी कोकणातल्या पडवीत वर्षानुवर्षं उभी राहिली, की इंजिनाआधी छळतात ते कव्हरचे बारके स्क्रू. स्क्रू पोलादाचा, कव्हर ॲल्युमिनियमचं. मधे खारी ओल शिरली की ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगून बसते.

आधी डिसमिस बघा. या स्क्रूंची खाच जपानी, म्हणजे जेआयएस, मापाची असते. साधा फिलिप्स, म्हणजे अधिकच्या खुणेसारख्या टोकाचा, डिसमिस तिच्या तळाला टेकत नाही. जोर दिला की उसळून वर येतो आणि खाच खातो. माझ्या मते निम्मे स्क्रू गंजाने नाही, डिसमिसने मरतात. जेआयएस टोक नसेल तर फिलिप्सचं टोक किंचित घासून बोथट करा. खाचेतला चिखल आणि रंग सुईने टोकरून काढा.

मग डब्ल्यूडी-40 सारखं गंजतेल सोडा, डोक्यावर हातोडीने हलके टोले द्या आणि रात्रभर विसरून जा. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा टोले. घाई इथेच नडते.

तरीही हलला नाही तर उष्णता. त्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर उतरवा, तेल पुसा, आणि हीट गन स्क्रूवर नको, भोवतीच्या कव्हरवर धरा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. आता हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा. पहिला ठोका कसायच्या दिशेने, मग उलटा. कार्ब्युरेटरवर मात्र हे हत्यार अजिबात नको, त्याचं ओतकाम ठिसूळ असतं. पेट्रोल पूर्ण काढून त्याला कढत पाण्यात बुडवा.

खाच गेलीच तर ड्रिलने फक्त डोकं उडवा. कव्हर निघालं की ताण जातो, उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने, म्हणजे घट्ट लॉक होणाऱ्या पकडीने, बहुधा सहज फिरतो. काढलेले स्क्रू पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या-त्या जागी खोचा. लांब्या वेगवेगळ्या असतात.

सफाई धातू बघून करायची. गंजलेले नट-बोल्ट रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, वाळवून लगेच तेल लावा. मुलामा असलेल्या भागांना हे नको, जस्त उतरतं. स्प्रिंगलाही नको, आम्लाने ती ठिसूळ होते. ॲल्युमिनियमला रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरे; कॉस्टिक सोडा त्याला खातो. कार्ब्युरेटरमधल्या पितळी जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारक्या भोकाच्या तुकड्यात, तार खुपसू नका, भोक मोठं झालं की पेट्रोलचं गणितच बिघडतं. कार्ब क्लीनर आणि नायलॉन ब्रशचा एक केस वापरा.

बसवताना आट्यांना कॉपर ग्रीसचं बोट लावा आणि स्क्रू आळीपाळीने, समोरासमोर कसा. आट्यांना ग्रीस असताना कमी जोरातही स्क्रू जास्त आवळला जातो, तेव्हा हात आखडता ठेवा.