व्यसनमुक्तीच्या दारात ‘घाटी’ आणि ‘नायजेरियन’: या चुका टाळा

गोव्यात बांधकामावरचा परप्रांतीय मजूर आरोग्य केंद्रात येतो. हात थरथरतायत, कपाळ घामानं डबडबलंय, एका जागी बसवत नाही. काउंटरवरून कुणीतरी म्हणतं, ‘घाटी पिऊन आलाय, उतरल्यावर ये म्हणावं.’ (घाटी म्हणजे घाटापलीकडून आलेला, हा हिणवण्याचा शब्द.) याहून घातक चूक नाही. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की नेमकं असंच होतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांत काहीजण बरळू लागतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर दगावतातही. म्हणून आधी विचारा: शेवटची कधी घेतली, रोज किती घेतोस, पूर्वी फिट आली होती का? गाव, पत्ता, आधार कार्ड नंतर. फिट आली किंवा भान हरपलं तर लगेच १०८.

भाषा येत नाही म्हणून मुकादमालाच दुभाषा करतात, ते तर थांबायलाच हवं. ज्याच्या हातात रोजगार, त्याच्यासमोर कोण खरं सांगेल? ‘कधीतरी थोडी घेतो’ एवढंच उत्तर मिळतं आणि उपचार त्याच उत्तरावर ठरतात. मुकादमाला बाहेर बसवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर हिंदी, कन्नडमध्येही बोलता येतं.

‘या लोकांना समजावून काय उपयोग?’ उपयोग होतो, आणि ते गोव्यातच सिद्ध झालंय. ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून दारूच्या रुग्णांशी संवाद घडवला. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी, आधीच्या चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेले समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत १८ टक्के.

काळा परदेशी दिसला की तो ड्रग्ज विकणाराच, हा समज गोव्यात खोल मुरलाय. २०१३ मध्ये पर्रा इथं एका नायजेरियनाचा खून झाला, त्यानंतर राज्याच्या एका मंत्र्यानं नायजेरियनांना कर्करोग म्हटलं आणि पुढे माफी मागितली. असं ऐकलेला माणूस ड्रग्जच्या सुईची जखम चिघळली तरी दवाखान्याची पायरी चढत नाही. चढलाच, तर तपासायच्या आधी पोलिसांना फोन लावू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारू-ड्रग्जच्या व्यसनातून येणारे मानसिक त्रासही कक्षेत घेतो. कलम १८ धर्म, संस्कृती, जात, वर्ग यांवरून भेदभावाला मनाई करतं. सेवेत त्रुटी असेल तर रुग्णाला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. हे त्याला त्याच्या भाषेत, पहिल्याच भेटीत सांगा.