अपृष्ठवंशीयांचे संघ पाठ होत नाहीत? क्लेचा एक गोळा घ्या

पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांचे संघ, म्हणजे मोठे गट, पाठ करताना पोरिफेरा, सिलेंटराटा, प्लॅटिहेल्मिंथिस इथपर्यंत सगळ्यांचं नीट होतं, पुढे ॲस्केल्मिंथिस, ॲनेलिडा, आर्थ्रोपोडा अशी तीन नावं लागोपाठ येतात आणि गाडी तिथेच अडते. कुठलं आधी, कुठलं नंतर, आणि गांडूळ नक्की कुणाचं. मी स्वतः परीक्षेत पट्टकृमी (टेपवर्म) वलयी प्राण्यांत, म्हणजे ॲनेलिडात, टाकून आलो होतो, कारण चित्रात त्याच्या अंगावर तुकडे तुकडे दिसतात ना, म्हटलं हीच वलयं.

आधी क्रम. त्यासाठी एक वाक्य पुरतं: पोरं सिनेमाला पळाली, आईने आजीला आणलं, मग इतकं हसलो. नऊ शब्द, नऊ संघ. पोरिफेरा, सिलेंटराटा (याचंच नाव आता निडारिया), प्लॅटिहेल्मिंथिस, मग ते तीन आ, मग मोलस्का, इकायनोडर्माटा, हेमिकॉर्डाटा. माझं वाक्य आवडलं नाही तर स्वतःचं करा, स्वतःचं येडंगबाळं वाक्य जास्त टिकतं.

पण वाक्याने फक्त नावं येतात, तीन आ-मधला घोळ तसाच राहतो, आणि लक्षणं तर नाहीच येत. म्हणून क्ले. खरंच हातात घ्या, नुसतं वाचून सोडू नका.

गोळ्याला टाचणीने सगळीकडून भोकं पाडा. झाला रंध्रीय प्राणी, स्पंज. बारीक छिद्रांतून पाणी आत, मोठ्या छिद्रातून बाहेर, तोंड नाही, चेतातंतू नाहीत. आता भोकं बुजवा आणि अंगठा दाबून खळगा करा, पिशवी झाली. तिला तोंड एकच, खाणं तिथूनच आत आणि घाणही तिथूनच बाहेर, तोंडाभोवती दोरे चिकटवा की शुंडके झाले, त्यावर डंख मारणाऱ्या पेशी. हायड्रा, जेलीफिश, प्रवाळ सगळे यातले.

पिशवी तळव्याने दाबून चपटी करा: चपटे कृमी. प्लॅटि म्हणजे प्लेट, एवढं डोक्यात ठेवा. आता तीच पट्टी गुंडाळून दोरीसारखी गोल करा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तार आरपार घाला. इथे जरा थांबा, कारण मोठा बदल इथे झाला, अन्ननलिकेला दोन दारं आली, एकीकडे तोंड, दुसरीकडे गुदद्वार. हा गोल कृमी, पोटातला जंत. मग त्याच दोरीवर नखाने गोल गोल खुणा करा, वलयी प्राणी तयार, गांडुळाला अशी साधारण १०० ते १२० वलयं असतात. आणि वलयांना काडेपेटीच्या अर्धवट मोडलेल्या काड्या खोचा, मोडलेला भाग म्हणजे सांधा, झाला संधिपाद. आर्थ्रायटिस म्हणजे सांधेदुखी, तोच आर्थ्रो.

म्हणजे तीन आ कसे, तर गोल (ॲस्केल्मिंथिस), मग गोलावर वलय (ॲनेलिडा), मग वलयाला पाय (आर्थ्रोपोडा). उलटं होऊच शकत नाही, कारण हातातल्या वस्तूवर तसं जमणारच नाही. माझा पट्टकृमीही इथेच सुटला, तो चपटा, गुंडाळायच्या आधीचाच, अंगावर कितीही तुकडे दिसोत. त्याला तर अन्ननलिकाच नसते, आपल्या आतड्यात बसून कातडीतूनच अन्न शोषतो.

पुढचं पटकन. काड्या काढा, वलयं पुसा, मऊ गोळा बाटलीच्या झाकणात ठेवा, मृदुकाय. गोगलगाय, शिंपला, आणि झाकण हरवलेला ऑक्टोपस (याला तीन हृदयं आणि निळं रक्त, हे वेगळं पाठ करावंच लागत नाही). गोळ्याची पाच हातांची चांदणी करून टूथपिक टोचा, कंटकचर्मी, हे फक्त समुद्रात. शेवटी लांबट गोळ्याला पुढे सोंड आणि मागे गळपट्टी लावा, हेमिकॉर्डाटातला बॅलॅनोग्लॉसस.

संधिपादांवर जास्त वेळ घालवा, माहीत असलेल्या प्राण्यांत सगळ्यात मोठा संघ हाच, १० लाखांहून जास्त जाती. इथे मराठी फार कामाला येते. कीटक, अक्षरं तीन: शरीराचे भाग तीन, पायांच्या जोड्या तीन. कोळी, अक्षरं दोन: भाग दोन, आणि जोड्या दोन दुणे चार. ही युक्ती फक्त या दोन शब्दांपुरती हं, मुंगी आणि गोचीड मोजत बसलात तर सगळं उलटं येईल. गोम आणि पैसा यांत गोंधळ होत असेल तर पैसा डबल होतो असं म्हणा: पैशाच्या बहुतेक वलयांवर पायांच्या दोन दोन जोड्या, गोमेला एकेकच.

फिश शब्द दिसला की सावध व्हा. जेली डंखवाली, स्टार काटेवाला, सिल्व्हरला सहा पाय म्हणून कीटक, कटलचं कवच अंगाच्या आत, तरी मृदुकायच. चौघांतला एकही मासा नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. क्लेची गोष्ट म्हणजे उत्क्रांती नव्हे. वलयी प्राण्यांपासून संधिपाद झाले असं पूर्वी मानायचे, पण १९९७ मध्ये जनुकांवरून असं मांडलं गेलं की गोल कृमी आणि संधिपाद जवळचे, दोघंही कात टाकतात, आणि गांडूळ खरं तर गोगलगायीच्या बाजूचं. पेपरात उत्क्रांतीचा प्रश्न आला तर क्ले खिशातच ठेवा.

उजळणी करताना पुस्तक उघडू नका. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग आठवड्याने रिकामा गोळा घेऊन सुरुवातीपासून करा आणि बोलत करा, जिथे हात थांबेल तेवढंच पान बघा. माझा हात अजूनही गळपट्टीपाशी थांबतो.