सेमिस्टरभर इटालियन शिकायला इटलीत जाताय? या चुका टाळा

सिएना किंवा पेरुजाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठात जा, नाहीतर फ्लॉरेन्सच्या एखाद्या भाषाशाळेत, मराठी मुलांची सगळ्यात महागात पडणारी चूक एकच असते: इटालियनकडे इंग्रजीतून जाणं. शाळेपासूनची सवय असल्यामुळे वाक्य आधी इंग्रजीत जुळवलं जातं आणि मग एकेक शब्द बदलला जातो. इथे हा वळसा घेतला तर नुकसानच जास्त.

'मला पुस्तक आवडतं' हे वाक्य घ्या. इंग्रजीतून गेलात तर 'इओ प्याच्चो' तोंडात येतं, आणि त्याचा अर्थ होतो 'मी आवडतो'. मराठीतून सरळ गेलात तर 'मी प्याचे इल लीब्रो'. इथला 'मी' म्हणजे 'मला', त्यामुळे पहिला आठवडा गोंधळ होणारच. पण बांधणी आपलीच आहे. पुस्तकं अनेक झाली की आपण 'आवडतात' म्हणतो, ते म्हणतात 'प्याच्चोनो'.

भूतकाळाचंही तसंच. मुलगा 'गेलो' म्हणतो, मुलगी 'गेले'. इटालियनमध्ये 'सोनो आंदातो' आणि 'सोनो आंदाता'. आपल्याला हे आपसूक जमायला हवं, तरी परीक्षेत मुली सर्रास 'आंदातो' लिहून येतात. 'खाल्ला-खाल्ली'च्या बाबतीत मात्र मराठीला आवर घाला. 'पिझ्झा खाल्ला' हे 'ओ मांजातो ला पिझ्झा'. पिझ्झा तिथे स्त्रीलिंगी असला तरी क्रियापद हलत नाही. त्याऐवजी सर्वनाम पुढे आलं, 'तो खाल्ला' असं म्हणायचं झालं, की 'लो मांजाता'. आता शेवट बदलला.

उच्चारात इंग्रजी वळणाचे ट-ड सोडा. इटालियन त-द दातांवरचे, आपल्या 'तवा' आणि 'दार'सारखे. जोडव्यंजनं नीट तोडा: 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. आधीचा स्वर एकात लांब, दुसऱ्यात आखूड, अगदी आपल्या 'पाला' आणि 'पल्ला'मधल्यासारखा. वय सांगताना 'आन्नी'तला (म्हणजे 'वर्षं'मधला) जोड न् गिळू नका. एका न् चा अर्थ शब्दकोशात एकट्याने बघा. 'ग्रात्सिए'मधला त्स म्हणजे 'चाक'मधला च, म्हणजे तोही घरचाच. वाचताना फसवतो तो सी-एच. त्याचा उच्चार क, म्हणून 'ब्रुस्केत्ता', ब्रुशेटा नव्हे.

सिएना, फ्लॉरेन्सच्या रस्त्यावर 'ला कासा'चं 'ला हासा' ऐकू येतं. दोन स्वरांमधल्या क चा ह करण्याची ही तोस्काना प्रांताची लकब आहे. कान तयार ठेवा, पण तोंडी परीक्षेत तिची नक्कल नको.

आदरार्थाची गल्लत तर हमखास. वर्गात 'तू' आधी शिकवतात आणि मुलं तेच घेऊन प्राध्यापकांसमोर उभी राहतात. आपल्याला 'तुम्ही' ठाऊक असल्यामुळे काही जण 'वोई' वापरतात, पण ते अनेकांसाठी. एका व्यक्तीला आदराने 'लेई', आणि क्रियापद 'तो/ती'चं. मित्राला 'स्कूझा', काउंटरपलीकडच्या बाईंना 'स्कूझी'. 'चाव' दोस्तांसाठी, ऑफिसात 'बुओनजोर्नो'.

ओळखीचे वाटणारे शब्द तपासून घ्या. 'पारेंती' म्हणजे नातेवाईक, आईवडील 'जेनितोरी'. 'लिब्रेरिया' पुस्तकांचं दुकान, वाचनालय 'बिब्लिओतेका'. नळावरचा सी 'काल्दो'चा, म्हणजे गरम. थंडीत कळलं तर बरं, नाहीतर हात भाजतो. 'पेपेरोनी' म्हणजे ढोबळी मिरची, अमेरिकन पिझ्झावरचं मांस नव्हे, त्यामुळे शाकाहारी लोकांनी घाबरायचं कारण नाही. खरा धोका सुपात असतो: भाज्यांच्या सुपालाही मांसाचा 'ब्रोदो', म्हणजे उकळून काढलेला रस, असू शकतो, म्हणून 'सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने' (मांसाच्या रसाशिवाय) हे पाठच करा.

आता कागदपत्रं. कोर्स ९० दिवसांपेक्षा मोठा असेल तर डी (दीर्घ मुक्कामाचा) व्हिसा लागतो, आणि उतरल्यापासून आठ कामाच्या दिवसांत 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो'चा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज टाकावा लागतो. 'आधी घर मिळू दे, मग बघू' म्हणणाऱ्यांची मुदत इथेच हुकते. 'स्पोर्तेल्लो आमीको' ही खिडकी असलेल्या पोस्टातून अर्जाचं किट घ्या. फॉर्म काळ्या पेनाने भरा, पासपोर्टच्या प्रती जोडा, १६ युरोचं 'मार्का दा बोल्लो', म्हणजे मुद्रांक तिकीट, आत ठेवा. पाकीट घरी चिकटवू नका, पोस्टातला माणूस आतले कागद तपासतो. तीन महिने ते एक वर्षाच्या परवान्याला ७०.४६ युरो आणि पोस्टाचे ३० वेगळे. मिळालेली 'रिचेवुता', म्हणजे पावती, जपा. क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांच्या ठशांच्या दिवशी ती लागते. नाताळात भारतात यायचं असेल आणि व्हिसा संपून हातात फक्त ही पावती असेल, तर पॅरिस किंवा फ्रँकफर्टमार्गे तिकीट काढू नका. ती शहरं शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमा खुल्या असलेल्या युरोपीय देशांत येतात. इटलीतून शेंगेनबाहेरच्या विमानतळावरूनच या.

घरमालकाने बिगर-युरोपीय पाहुण्याची माहिती ४८ तासांत पोलिसांना द्यायची असते. तो टाळाटाळ करत असेल तर ते घर नकोच. घर निवडताना आणखी एक: चार भारतीय एका फ्लॅटमध्ये राहिले की डिसेंबरपर्यंत इटालियन वर्गापुरती उरते. इटालियन बोलणाऱ्यांबरोबरची लहानशी खोलीही चालेल.

परतताना प्रमाणपत्र हवं असेल तर आकड्यांना फसू नका. भाषेच्या युरोपीय पातळ्यांत पेरुजाची 'चेली २' परीक्षा म्हणजे बी-१, सिएनाची 'चिल्स दुए' (दोन) म्हणजे त्याच्या वरची बी-२. नुसतं 'दोन' बघून अर्ज भरलात तर एक अख्खी पातळी वरचा पेपर समोर येतो. आधी तुमच्या कॉलेजला कोणती पातळी हवी ते लेखी विचारून घ्या आणि मग फी भरा.