दापोलीच्या थडग्यावरून इंग्लंडमधील पॅरिशची नोंद कशी शोधावी

कॅम्प दापोलीतील जुन्या इंग्रजी दफनभूमीत चिरनिद्रा घेणाऱ्या एखाद्या माणसाचे मूळ गाव शोधायचे असेल, तर थडग्यावरील नाव, वय आणि मृत्यूचे वर्ष जसेच्या तसे उतरवून घ्यावे. त्यानंतर ब्रिटिश लायब्ररीतील मुंबई इलाख्याच्या 'एन/३' या नोंदमालिकेत त्याचे दफन पडताळावे.

गावाचा सुगावा लागला की तेथील पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीच्या, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या पाहाव्यात. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या आदेशाने त्या सुरू झाल्या. आज बहुतेक मूळ वह्या काउंटीच्या (इंग्लंडमधील जिल्ह्याच्या) अभिलेखागारात असतात. वही गहाळ असली तरी शोध सोडू नये, कारण १५९८ पासून तिची वार्षिक नक्कल बिशपकडे पाठवण्याचा नियम होता आणि अशा अनेक नकला टिकून आहेत.

१८१३ पासूनची छापील बाप्तिस्मा-वही मला सर्वांत मोलाची वाटते. तिच्या एका पानावर आठ नोंदी असतात आणि प्रत्येक नोंदीत तारीख, बाळाचे नाव, आईवडिलांची नावे, आडनाव, राहण्याचे ठिकाण, वडिलांचा व्यवसाय आणि पाद्र्याचे नाव असते. व्यवसायाचा रकाना अवश्य उतरवावा. दापोलीतला सैनिक शेतमजुराच्या घरचा होता की लोहाराच्या, हे तिथेच उमगते. बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख समजू नये.

१७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू होई; त्यामुळे वहीतील 'फेब्रुवारी १७४०' आपल्या गणनेप्रमाणे फेब्रुवारी १७४१ धरावा.