बाळ होणार आहे? सरकारी मदतीत आपण बसतो का, हे असं बघा

घरात बाळ येणार म्हटलं की कुणीतरी सांगतंच, सरकार पाच हजार देतं म्हणे, आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं छे, ते फक्त पिवळ्या कार्डवाल्यांना. हे ऐकून कितीतरी जणी अर्जच करत नाहीत, हक्काचे पैसे तसेच राहतात. म्हणून सविस्तर लिहितेय.

पाच हजारवाली योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना. यात भरपूर अटी दिल्यात पण त्यातली कुठलीही एक जमली तरी पुरे. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, नाहीतर अन्नसुरक्षेत येणारं रेशनकार्ड असेल, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बाईच्या नावावर किसान सन्मान निधी, एससी-एसटी, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व, काहीही चालतं. अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई स्वतः पण यात बसतात. आता ८ लाखांच्या आत उत्पन्न या अटीवर अर्ज करायचा तर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो, पण ई-श्रम किंवा रेशनकार्ड घरात असेल तर त्या दाखल्यासाठी हेलपाटे कशाला घालायचे, तेच जोडा. बसत नाहीत त्या म्हणजे कायम सरकारी नोकरीवाल्या, आणि ज्यांना कायद्याने असाच लाभ दुसरीकडून मिळतो त्या.

पहिल्या बाळाला ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते. पहिल्या हप्त्यासाठी गरोदरपणाची नोंद आणि सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली पाहिजे, दुसऱ्यासाठी बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० एकदम, मुलगा झाला तर यातून काही नाही. आधीचं गरोदरपण टिकलं नसेल तर पुढच्या वेळी नव्याने लाभ मिळतो, हे कुणी आपणहून सांगत नाही. मुदत बाळ जन्मल्यापासून २७० दिवस, त्यामुळे बाळ झालं आता कसला अर्ज असं म्हणून सोडू नका. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीतून होतो, ऑनलाइन पण होतो, आणि नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही.

खरा घोळ होतो खात्यात. पैसे आईच्याच खात्यात येतात, तेही आधारला जे खातं शेवटचं जोडलंय त्यात, फॉर्मवर पासबुक कुठलंही लावा. लग्नाआधी कॉलेजात स्कॉलरशिपसाठी काढलेलं खातं जोडलेलं असतं, ते बंद पडलेलं असतं, आणि इकडे आपण नव्या खात्याच्या मेसेजची वाट बघत बसतो. आधारच्या साइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कुठलं खातं जोडलंय ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर ते पोट दिसायच्या आधीच एकसारखं करून घ्या, नंतर बाळाला घेऊन रांगेत उभं राहणं फार जड जातं.

दुसरं म्हणजे जन्मनोंद. बाळंतपण जिथे झालं तिथेच ती होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं असेल तर दाखला पण तिकडच्याच ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून, तेव्हा सासरी परतायच्या आधी हातात घ्या. २१ दिवसांच्या आत नोंद केली तर फी लागत नाही.

प्रायव्हेट नोकरी असेल तर वेगळा हिशोब. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, हा कायदा आहे, कंपनीची मेहरबानी नाही. पगारातून ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी) कापला जात असेल तर रजेचे पैसे तिथून मिळतात, आधीच्या दोन काँट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ किंवा नंतर मुलगी झाली असेल, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल आणि वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर लेक लाडकी योजना पण बघा. जन्माला ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने, १८ वर्षांची होईपर्यंत एकूण १,०१,०००. इथे मात्र कुटुंब नियोजनाची अट आहे, अर्ज भरताना अंगणवाडी सेविकेला ती नीट समजावून सांगायला लावा. दारिद्र्यरेषेखालच्या आणि एससी-एसटी महिलांना दवाखान्यात बाळंतपण झालं तर जननी सुरक्षा योजनेतून महाराष्ट्रात गावात ७००, शहरात ६०० मिळतात, रक्कम छोटी आहे पण मातृवंदनासोबत दोन्ही घेता येतात.

आणि कुठल्याच अटीत नाही बसलात तरी सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण, न्यायला-सोडायला गाडी हे सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे, बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचार पण. तिथे उत्पन्न विचारत नाहीत, बाहेरून औषध आणा म्हणाले तर या कार्यक्रमाचं नाव घेऊन विचारा.