काळ्या पट्ट्यांखालचा अणुइतिहास: अमेरिकी कागद मागवायचे आणि वाचायचे कसे

कागद हाती आला की मजकुराआधी शिक्के बघा. 'सीक्रेट', 'टॉप सीक्रेट' हे गुप्ततेचे दर्जे; 'रिस्ट्रिक्टेड डेटा' हा निराळाच वर्ग. १९४६च्या अणुऊर्जा कायद्याने अण्वस्त्रांची रचना आणि निर्मिती यांची माहिती जन्मतःच गुप्त ठरवली. म्हणून २५ वर्षांनी कागद आपोआप खुले होण्याचा नियम तिला लागू नाही. नवखे हमखास फसतात ते 'फॉर्मर्ली रिस्ट्रिक्टेड डेटा' या शिक्क्याला. तो दिसला म्हणून कागद खुला झाला असं समजू नका. ही माहितीसुद्धा गुप्तच असते, फक्त ती लष्करी वापराची: अस्त्रांची संख्या, साठ्याच्या जागा.

मॅनहॅटन प्रकल्पासाठी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी अणुबाँब प्रकल्पासाठी, रेकॉर्ड ग्रुप (एका खात्याच्या कागदांचा क्रमांकित गट) ७७ आणि अणुऊर्जा आयोगासाठी ३२६ चाळा. दोन्हींचा मोठा भाग मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. अजून गुप्त म्हणून खोक्यातून काढून घेतलेल्या कागदाच्या जागी एक नोंदपत्र असतं: तारीख, कुणी कुणाला लिहिलं, विषय, पानं. ते जसंच्या तसं उतरवून घ्या, खोक्याचा आणि फोल्डरचा तपशील जोडा, की तो कागद खुला करण्याचा अर्ज जवळपास तयार. 'हायड्रोजन बाँबबद्दलचं सगळं द्या' असा अर्ज हमखास रखडतो. माहिती स्वातंत्र्य कायद्यात उत्तराची मुदत कामाच्या २० दिवसांची आहे, पण गुप्त कागदांना वर्षंही लागतात.

गुप्त मजकूर झाकायला काळ्या पट्ट्या मारलेली प्रत मिळाली की लगेच अपील करू नका, आधी दुसरी प्रत शोधा. एकच टिपण आयोग, संरक्षण खातं आणि परराष्ट्र खात्याकडे गेलेलं असतं. प्रत्येक प्रत वेगळा माणूस, वेगळ्या वर्षी तपासतो आणि एकाने झाकलेलं दुसरा बिनदिक्कत सोडतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा.

दुसरी प्रत नसेल तर पट्टी मोजा. जुन्या टाइपरायटरची अक्षरं समान रुंदीची, इंचाला १० किंवा १२. झेरॉक्समध्ये आकार बदलतो, त्यामुळे फुटपट्टीपेक्षा त्याच ओळीतला एखादा पूर्ण शब्द माप म्हणून धरा. पट्टी सात अक्षरांची निघाली तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये नऊ अक्षरांचं 'प्लुटोनियम' बाद. 'युरेनियम' आणि 'ट्रिटियम' मात्र दोन्ही सातच अक्षरांचे, तेव्हा मोजणीने शब्द बाद करता येतो, सिद्ध नाही. शिवाय पट्टी बाजूच्या रिकाम्या जागेवरही सांडते. एखाद्या अक्षराची सूट ठेवा.

पट्टी आहे म्हणजे खाली बाँबची कृती असणार, असं गृहीत धरू नका. मॅनहॅटन प्रकल्पातले शास्त्रज्ञ ओपेनहायमर यांना गुप्त माहिती पाहू द्यावी का, यावरच्या १९५४च्या सुनावणीतले वगळलेले भाग ऑक्टोबर २०१४मध्ये खुले झाले, तेव्हा त्यांत हायड्रोजन बाँबवरचे मतभेदही निघाले. निष्कर्ष लिहिताना प्रत कोणत्या वर्षी तपासलेली, तेही नोंदवा.