जुनी गाडी कधी स्टार्ट होते, कधी नाही? पार्ट बदलायच्या आधी हे तपासा

इंदूरला रामबागेत आमच्याकडे 2003 ची पेट्रोल गाडी आहे, बाबांनी घेतलेली. मागच्या उन्हाळ्यात तिने पार वैताग आणला. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, आणि दुपारी छप्पन दुकानला थांबून परत आलो की किल्ली फिरवल्यावर नुसतं टक्. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी चालू व्हायची, मिस्त्रीकडे नेली तर तिथे दहादा स्टार्ट होऊन दाखवायची. नवी बॅटरी टाकली, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) खोलून त्यातले कार्बन ब्रश बदलले, पैसे गेले आणि दोष निघाला भलतीकडेच. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

असा दोष तो चालू असतानाच पकडावा लागतो, गाडी बरी असताना तपासून काही हाती लागत नाही. म्हणून काहीशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या आणि डॅशबोर्डात ठेवा, सोबत एक वही. गाडी अडली की किती वाजले, इंजिन गरम होतं का गार, पाऊस होता का, आवाज कसा आला हे लिहायचं. चार-पाच नोंदी झाल्या की बऱ्याचदा दिसतंच की फक्त गरम असतानाच अडतेय.

मग पहिला प्रश्न, सेल्फ फिरतोय का? फिरतोय पण इंजिन स्टार्ट घेत नाही, ही वेगळी वाट. अजिबात फिरत नाही, ही वेगळी. या दोन वाटा एकत्र केल्या की गोंधळ होतो आणि मग नको ते पार्ट बदलले जातात.

सेल्फ फिरत नसेल तर कान द्या. टकटकटक असा भराभर आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. एकच जोरात टक् आणि पुढे शांत, तर सेल्फचे आतले पॉइंट, कार्बन, नाहीतर जाड वायर किंवा अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी वाट. काहीच आवाज नाही आणि दिवे मात्र लख्ख, तर इग्निशन स्विच, रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) किंवा सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या मोठ्या स्विचला, जाणारी बारीक वायर बघा. रिलेसाठी सोपी युक्ती आहे, त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो, तात्पुरता तिथे लावून बघायचा.

बॅटरीचं माप असं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, 12.2 म्हणजे अर्धी. सेल्फ फिरताना 9.6 च्या खाली जायला नको, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं, नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि नवी बॅटरी टाकूनही तीच रड.

सेल्फ नीट फिरतोय पण गाडी चालू होत नाही, अशा वेळी इंजेक्शनवाली गाडी असेल तर किल्ली ऑन करून मागच्या सीटजवळ कान लावा, पेट्रोल पंपाची दोनेक सेकंद घूं ऐकू यायला हवी. ती येत असेल आणि गाडी गरम असतानाच अडत असेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या, तो तापला की बंद पडतो आणि गार झाला की परत चालतो. पावसाळ्यातच त्रास असेल तर प्लगच्या वायरी बघा. रात्री अंधारात बॉनेट उघडून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, खराब वायरीवर निळी ठिणगी चक्क दिसते.

आता आमचं. एकच टक् होतं, बॅटरी नवी, सेल्फ दुरुस्त. एका दुपारी गाडी घरापाशीच अडली. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, ओढणी घट्ट बांधली कारण गरम इंजिनचा पंखा आपोआप सुरू होतो. मीटर 20 व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. "आई, मार सेल्फ." टक् झालं आणि मीटरवर 5 च्या वर आकडा! इथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त असतो, 0.2 च्या आत असेल तर छान. म्हणजे करंट अर्थिंगमध्येच अडत होता.

इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी बाहेरून अगदी चांगली दिसत होती, पण बोल्ट काढला तर थिंबलखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) हिरवट काळा थर आणि तारांच्या अर्ध्या काड्या तुटलेल्या. इंजिन तापलं की तो सांधा आणखी ढिला व्हायचा, गार झालं की पुन्हा टेकायचा.

पट्टी बदलताना किल्ली काढून आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, बांगड्या-अंगठ्या उतरवा. नवी पट्टी लावायच्या आधी बॉडीची आणि इंजिनची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, रंगावर बोल्ट आवळून उपयोग नाही, आणि आवळून झाल्यावर वरून थोडं ग्रीस लावा. मग निगेटिव्ह जोडून, गाडी एक चक्कर मारून तापवून, तेच माप परत घ्या. आमचं 0.1 आलं.